ब्रेकमध्ये जळणारे डिझेल आणि तेलाच्या दाबावर चालणारी गाडी

कापडाच्या धंद्यात सुताचा भाव, मजुरी आणि रंगाई यांची चर्चा रोज होते. मालाची गाठ मागापासून दुकानाच्या फळीपर्यंत यायला जो खर्च लागतो, त्याची चर्चा मात्र भाडे वाढले की तेवढ्यापुरतीच होते. बिल्टीवर भाडे, त्यावर हमाली, त्यावर वराई, आणि वर्षातून दोन-तीनदा ट्रान्सपोर्टवाल्याचे ठरलेले वाक्य, "शेठ, डिझेल वाढलं." आपण थोडी घासाघीस करतो आणि शेवटी तो पैसा ताग्याच्या किमतीत टाकून गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. मालेगाव ते नांदगाव हे अंतर उणेपुरे पस्तीस-चाळीस किलोमीटरचे. तरीही या लहानशा टप्प्याचे भाडे स्वस्त लुंगी-साडीच्या नफ्याचा लचका तोडते, हे आमच्या पेठेतल्या प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे.

वास्तविक डिझेलच्या बाबतीत नांदगाव तालुक्याइतका जवळचा शेजार दुसऱ्या कुणाला नसेल. मनमाडजवळच्या पानेवाडीत तेल कंपन्यांचे डेपो आहेत. मुंबईहून पाइपलाइनने आलेले तेल तेथून टँकरने उत्तर महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात जाते. जानेवारी २०२४ च्या पहिल्याच दिवशी नव्या कायद्यातील हिट अँड रनच्या तरतुदीविरुद्ध टँकरचालकांनी काम थांबवले. पानेवाडीच्या फाटकातून टँकर निघाले नाहीत, आणि दोन दिवसांत कितीतरी गावांच्या पंपांवर रांगा लागल्या. डेपो तालुक्यात असूनही आमच्या टेम्पोवाल्यांना एक लिटर स्वस्त मिळत नाही, मिळणारही नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलचा भाव बाजारावर सोडला, जून २०१७ पासून तो रोजच्या रोज ठरवण्याची पद्धत आली. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते. म्हणजे भाव ठरवणे आपल्या हाती नाही. आपल्या हाती एवढेच आहे की, घेतलेल्या लिटरपैकी किती लिटर कामाला येते आणि किती फुकट जाते, याकडे पाहणे.

फुकट जाते म्हणजे कुठे जाते? चोरी होते ती वेगळी, ती सर्वांना माहीत आहे. मी म्हणतो ते डिझेल गाडीच्या ब्रेकमध्ये जळते.

आमचा माल आणणारा एक जुना ड्रायव्हर आहे. त्याने एकदा ही गोष्ट फार सोप्या शब्दांत सांगितली. तो म्हणाला, "शेठ, गाडी चालवायला डिझेल कमी लागतं. थांबवून परत उचलायला जास्त लागतं." बाजारात हातगाडीवर गाठी ओढणाऱ्या हमालालाही हे ठाऊक असते. भरलेली हातगाडी एकदा चालू झाली की ती जवळपास आपल्या आपण चालते. पण मध्येच कुणी मोटारसायकल आडवी घातली की हमाल चिडतो, कारण ती गाडी पुन्हा हलवण्यासाठी त्याला सारी छाती लावावी लागते. आधी लावलेला जोर त्या एका थांबण्यात वाया गेलेला असतो.

आमच्या उर्दू शाळेत सायन्सच्या पुस्तकात याला 'हरकी तवानाई' म्हणत. मराठी शाळेतून आलेली मुले 'गतिज ऊर्जा' म्हणतात. शब्द वेगळे, हिशेब एकच. वजनाला वेगाच्या वर्गाने गुणायचे आणि निम्मे करायचे. दहा टन भरलेला ट्रक ताशी ३६ किलोमीटरने चालला आहे असे धरू. म्हणजे सेकंदाला दहा मीटर. त्याच्या अंगात त्या वेळी ५ लाख ज्यूल इतकी तवानाई असते. चालकाने ब्रेक दाबला की हे ५ लाख ज्यूल ब्रेकच्या लायनरमध्ये आणि ड्रममध्ये उष्णता होऊन हवेत जातात. घाट उतरल्यावर चाकाजवळ हात नेऊन पाहा, ड्रम किती तापलेला असतो ते कळेल. ती उष्णता म्हणजे तुमच्या डिझेलचे पैसे.

आता पैशांत पाहू. एक लिटर डिझेलमध्ये साधारण साडेतीन कोटी ज्यूल असतात. इंजिन, गिअर यांत बरेचसे जाऊन शहरी चालीत चाकापर्यंत पोहोचतात ते सुमारे १ कोटी. म्हणजे आमचा दहा टनी ट्रक वीस वेळा थांबून उचलला की एक लिटर डिझेल निव्वळ थांबण्यात गेले. दिवसात दोनशे वेळा थांबणारी गाडी असेल तर दहा लिटर. त्यातले निम्मे जरी परत मिळवता आले तरी रोजचे पाच लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर दिवसाला ४५० रुपये, आणि वर्षात तीनशे दिवस गाडी चालली तर १ लाख ३५ हजार रुपये. एका गाडीचे! हा कागदावरचा हिशेब आहे, रस्त्यावर तो तंतोतंत उतरणार नाही. पण रक्कम किती मोठी आहे याचा अंदाज त्यावरून येतो.

ही वाया जाणारी तवानाई पकडून ठेवायची आणि गाडी उचलताना परत वापरायची, एवढ्याच कल्पनेवर 'हायब्रिड' गाड्या उभ्या आहेत. आपल्याकडे हायब्रिड म्हटले की लोकांना बॅटरी आठवते. ब्रेक लावताना मोटरचे जनित्र होते, वीज तयार होते, बॅटरीत जाते. परंतु याच कामासाठी बॅटरीऐवजी तेलाचा दाब वापरणारी दुसरी जात आहे. तिला हायड्रॉलिक हायब्रिड म्हणतात. आपल्या भागात तिचे नावही कुणी घेत नाही. तिची कल्पना मात्र आपल्या मिस्त्री लोकांच्या रोजच्या पाहण्यातली आहे. जेसीबीचा हात दगड कसा उचलतो? ट्रॅक्टरची ट्रॉली उसासकट मागे कशी कलंडते? पंपाने दाबलेल्या तेलाच्या जोरावर. तोच जोर येथे चाकाला जोडलेला आहे.

रचना अशी. गाडीच्या चाकाकडे जाणाऱ्या दांड्याला एक यंत्र जोडतात. ते पंपही असते आणि मोटरही. चाकाने त्याला फिरवले तर ते तेल ढकलते, आणि तेलाने त्याला फिरवले तर ते चाक फिरवते. त्याला दोन टाक्या जोडलेल्या. एक कमी दाबाची, तिच्यात तेल आरामात पडून असते. दुसरी जाड भिंतीची नळकांड्यासारखी टाकी, तिच्यात फुटबॉलच्या ब्लॅडरसारखी एक पिशवी, आणि त्या पिशवीत नायट्रोजन वायू. चालकाने ब्रेकवर पाय ठेवला की चाके त्या यंत्राला पंप म्हणून फिरवतात. पंप कमी दाबाच्या टाकीतले तेल ओढून जाड टाकीत कोंबतो. तेल आत शिरले की नायट्रोजनची पिशवी आकसते. तेल दबत नाही, वायू दबतो, आणि दबलेला वायू म्हणजे आवळलेली स्प्रिंग. या ढकलाढकलीत चाकांचा जोर खर्च होतो, त्यामुळे गाडी आपोआप मंदावते. खरा ब्रेक शेवटच्या दोन-चार हातांपुरता लागतो. पुढे सिग्नल सुटला, चालकाने ॲक्सिलरेटर दाबला की झडप उघडते, वायू फुगतो, तेल परत धावते आणि जाताना तेच यंत्र मोटर होऊन चाके फिरवते. गाडी उचलण्याचा जो सर्वांत जड क्षण, तो इंजिनाऐवजी तेलाने निभावला जातो.

आत हवा न भरता नायट्रोजन का भरतात, असे कोणी विचारील. हवेत ऑक्सिजन असतो. इतक्या दाबाखाली तो तेलाच्या वाफेला भेटला तर पेट घेण्याचा धोका. डिझेल इंजिन याच तत्त्वावर पेटते, तेव्हा चालकांना हे वेगळे सांगायला नको. दाब किती, तर चौरस इंचाला सुमारे पाच हजार पौंडांपर्यंत. ट्रकच्या टायरमध्ये शंभर-सव्वाशे पौंड हवा असते, त्याच्या चाळीस-पन्नास पट. म्हणून हे काम गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडे देण्याचे नाही, हे आताच सांगून ठेवतो. आपल्याकडे जुगाडाची हौस फार.

या गाड्यांचेही दोन प्रकार आहेत. पहिल्यात इंजिन, गिअरबॉक्स, सर्व जसेच्या तसे राहते आणि हे यंत्र मदतनीस म्हणून जोडले जाते. दुसऱ्यात गिअरबॉक्सच काढून टाकतात. इंजिन फक्त पंप चालवते, पंप तेलाला दाब देतो आणि तेल चाके फिरवते. या दुसऱ्या प्रकारात फायदा मोठा, कारण इंजिनाला चाकांच्या मर्जीप्रमाणे कधी जोरात, कधी मंद असे पळावे लागत नाही. ज्या चालीत ते सर्वांत कमी डिझेलमध्ये सर्वांत अधिक काम देते, त्याच चालीत ते चालते. टाकीत पुरेसा दाब असला तर ते बंदही ठेवता येते.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, मिशिगनमधील आपल्या प्रयोगशाळेत यावर बरीच वर्षे काम केले. २००६ साली तिने ईटन कंपनी आणि पार्सल पोहोचवणारी यूपीएस यांच्यासोबत या दुसऱ्या प्रकारची मालवाहू गाडी लोकांपुढे आणली. प्रयोगशाळेतील शहरी चाचणीत एका गॅलनमागे ६० ते ७० टक्के अधिक अंतर मिळाले, असे ईपीएने जाहीर केले. रस्त्यावर आकडा खाली आला, तरी तो पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिला. ब्रेकमध्ये वाया जाणाऱ्या तवानाईपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक परत मिळते, असाही संस्थेचा दावा होता. २०१२ मध्ये यूपीएसने अशा ४० गाड्या घेण्याचे जाहीर केले. कचरा उचलणाऱ्या मोठ्या ट्रकांसाठी पार्कर कंपनीने अशीच व्यवस्था काढली आणि फ्लोरिडातील मायामी-डेड काउंटीने ते ट्रक चालवले. तेथे डिझेल तर वाचलेच, पण ब्रेक लायनर बदलण्याचा खर्चही पुष्कळ घटला. कचऱ्याच्या गाडीला दिवसात शेकडो वेळा ब्रेक लागतो, तिच्या मालकाला लायनरचे बिल विचारा.

येथवर वाचून एखादा ट्रान्सपोर्टवाला म्हणेल, मग माझ्या ट्रकला हे लावा. माझे उत्तर, बहुधा नको. येथे धंद्याची नजर लागते.

ही व्यवस्था थांबण्यावर कमावते. जी गाडी थांबतच नाही तिला ती काय देणार? मुंबई-आग्रा महामार्गावर ताशी साठने सरळ पळणाऱ्या ट्रकचे डिझेल हवेला कापण्यात आणि टायरच्या घर्षणात जाते. ते परत येणारे नव्हे. उलट टाक्या, पंप आणि तेल यांचे शे-दोनशे किलोचे ओझे फुकट वाहावे लागेल. मालेगावहून निघून नांदगावच्या नाक्यापर्यंत दहा-बारा वेळा ब्रेक दाबणाऱ्या आमच्या टेम्पोलाही यात राम नाही.

वजनाचाही प्रश्न आहे. आमच्या नगरपरिषदेसारख्या लहान संस्थांच्या घंटागाड्या दिवसभर थांबत असतात, तेव्हा त्यांना हे लागू पडेल असे प्रथम वाटते. हिशेब करून पाहावा. भरलेली लहान घंटागाडी दोन टनांची आणि गल्लीत वेग ताशी १८ किलोमीटर. तिच्या अंगात फक्त २५ हजार ज्यूल. एक लिटर वाया जायला तिने चारशे वेळा थांबले पाहिजे! म्हणजे दिवसाकाठी एखाद-दुसऱ्या लिटरचा मामला. त्यासाठी लाखो रुपयांची यंत्रे कोण घेईल? वेग निम्मा झाला की तवानाई चौथा हिस्सा होते, ही गोष्ट विसरून चालत नाही. याउलट मालेगाव किंवा नाशिकसारख्या महापालिकेचा दहा-पंधरा टनांचा कॉम्पॅक्टर, गर्दीतून चालणारी शहर बस, गोदामातून निघून पन्नास दुकानांना माल टाकत फिरणारा मोठा ट्रक, यांचा हिशेब बसतो. वजन भारी, थांबणे फार, आणि संध्याकाळी गाडी आपल्याच आगारात परत. अमेरिकेत ही गाडी पार्सल आणि कचरा या दोनच धंद्यांत का शिरली, ते यावरून उमगते.

घाटाचे गणित तर आणखी मजेदार आहे. आमच्या बाजूला चाळीसगाव-कन्नड रस्त्यावरचा औट्रम घाट आहे. २०२३ साली न्यायालयाच्या आदेशाने त्यातून जड वाहनांना बंदी झाली आणि पुष्कळ ट्रक नांदगावच्या अंगाने वळले, म्हणून घाटाचा विषय आमच्याकडे सध्या फार निघतो. घाट उतरताना ब्रेक सर्वांत जास्त तापतात, मग तेथे टाकी भरून घ्यावी आणि पुढे वापरावी, असे कुणालाही वाटेल. कसाऱ्याचा घाट घ्या. इगतपुरीपासून कसाऱ्यापर्यंत सुमारे तीनशे मीटरचा उतार. दहा टनी ट्रक तो उतरला की जवळजवळ ३ कोटी ज्यूल मोकळे होतात, म्हणजे तीन लिटर डिझेलचे चाकावरचे काम. पण गाडीतली नायट्रोजनची टाकी पाच-सहा लाख ज्यूलची. पाच-सहा मीटरचा उतार संपतो न संपतो तोच ती काठोकाठ भरते. पुढचे सारे पुन्हा ब्रेकच्या ड्रममध्येच! टाकी मोठी करावी तर तिचेच वजन गाडीला खाते. या जातीचा हाच मोठा उणेपणा आहे. दाबाची टाकी झटपट भरते, झटपट रिकामी होते, पण तिच्यात मावते फार थोडे. बॅटरीचे उलट आहे, तिच्यात पुष्कळ मावते, मात्र पाच-दहा सेकंदांत एवढा जोर एकदम घ्यायला तिला जड जाते.

त्याच घाटात रेल्वे काय करते पाहा. डब्ल्यूएजी-९ आणि डब्ल्यूएपी-७ या आजच्या विजेच्या इंजिनांना उतारावर ब्रेक लावताना वीज तयार करून वरच्या तारेत परत सोडता येते. त्याच वेळी दुसरी एखादी गाडी चढत असेल तर ती वीज तिच्या कामी येते. मुंबईच्या लोकल गाड्याही असेच करतात, दर दोन-तीन मिनिटांनी त्यांचे स्टेशन येते. रेल्वेजवळ तार आहे, म्हणजे मोठी बँक आहे, कितीही जमा करा. हायड्रॉलिक ट्रकजवळ खिशातला बटवा आहे. बटव्यात दिवसभराची सुटी नाणी फिरतात, त्याचा उपयोग रोजच्या देण्याघेण्याला.

आता प्रश्न असा की, एवढे चांगले फळ देणारी वस्तू बाजारात टिकली का नाही? ईटनने २०१३ साली आपली हायड्रॉलिक हायब्रिडची शाखा आटोपती घेतली. फ्रान्सच्या प्यूजो-सिट्रोएनने त्याच वर्षी बॉश कंपनीसोबत 'हायब्रिड एअर' नावाची छोटी मोटारकार दाखवली, शहरात ४५ टक्के इंधन वाचेल असे सांगितले. परंतु एवढा खर्च वाटून घेणारा दुसरा मोटार कारखाना मिळेना, आणि दोन-तीन वर्षांत तो प्रकल्प गुंडाळला गेला. अमेरिकेतील कोलोरॅडोमध्ये लाइटनिंग हायब्रिड्स नावाची कंपनी जुन्या गाड्यांना तेलाच्या दाबाची जोडणी करून देत असे. तीही पुढे बॅटरीच्या गाड्यांकडे वळली, नावही बदलले, आणि २०२३ च्या अखेरीस तीसुद्धा बसली. म्हणजे तेल सोडून बॅटरी धरली म्हणून सर्वांचे भले झाले असेही नाही.

माझ्या मते कारणे दोन. एक म्हणजे मागणी तुकड्यातुकड्यांची होती. चाळीस गाड्या येथे, तीस तेथे. कापडवाल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. एका डिझाइनचे चारच तागे काढायचे म्हटले तर मागवाला जो दर सांगतो, तो ऐकून डिझाइन विसरावे लागते. पंप-मोटर लाखांनी निघाले असते तर स्वस्त झाले असते, पण स्वस्त झाल्याशिवाय लाखांनी घेणार कोण? दुसरे कारण बॅटरी. २०१० नंतर लिथियम बॅटरीचा भाव झपाट्याने उतरला, आणि सरकारांच्या सवलतीही तिकडेच गेल्या. आपल्याकडे १ एप्रिल २०१५ पासून जी 'फेम' योजना आली तिच्या नावातच इलेक्ट्रिक आहे. २०१८ मध्ये मुंबईच्या बीकेसीत एमएमआरडीएच्या पंचवीस हायब्रिड बस आल्या, त्याही टाटाच्या, डिझेल-इलेक्ट्रिक. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने त्याआधी, २०१० साली, 'रेव्होलो' नावाची जोडणी जाहीर केली होती. जुन्या मोटारीला मोटर आणि बॅटरी बसवून तिला हायब्रिड करायचे. भारत फोर्जसारखा कारखाना भागीदार होता. कल्पना आपल्या माणसांची आणि आपल्या खिशाला पाहून केलेली. पण तीही बाजारात पसरली नाही. चालू गाडीला जोडणी बसवण्याचे नियम आपल्याकडे फार उशिरा आले, तोवर उत्साह थंडावला.

शहर बसच्या बाबतीत मला वाटते बॅटरीची बाजी जिंकल्यात जमा आहे. नाशिकची सिटीलिंक जुलै २०२१ पासून धावते आहे. अशा सेवा आता नवी बस घेताना विजेचीच बस पाहणार, आणि विजेची बस ब्रेकमधले परत घेतेच. तेथे तेलाच्या दाबाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. पण कॉम्पॅक्टर, पाण्याचे जड टँकर आणि बांधकामाची यंत्रे यांच्याविषयी घाईने निकाल देऊ नये. या गाड्यांत हायड्रॉलिक पंप आधीपासूनच असतो, कचरा दाबायला, साटा उचलायला. त्यांची देखभाल करणारे मिस्त्री तालुक्या-तालुक्यात आहेत. होज फुटला तर मनमाड-मालेगावात मिळतो. लाखो रुपयांची बॅटरी दहा वर्षांनी बदलण्याचा प्रश्न नाही, शून्याखाली थंडी किंवा मे महिन्यातले आमच्याकडचे ऊन याचा तिला जसा त्रास होतो तसा तेलाला होत नाही. पुण्यात एआरएआयसारखी वाहन तपासणारी संस्था १९६६ पासून आहे. महापालिकेचा एक कॉम्पॅक्टर घेऊन त्यावर वर्षभर प्रयोग करून पाहायला तिला किंवा नाशिकच्या एखाद्या अभियांत्रिकी कॉलेजला आकाश फाडावे लागणार नाही. निविदा काढताना संस्था गाडीची खरेदी किंमत पाहतात आणि सर्वांत कमी भावाला हार घालतात. दहा वर्षांचे डिझेल आणि लायनर त्यात धरत नाहीत. आपण दुकानासाठी पंखा घेतानाही वीज किती खातो हे विचारतो, मग लोकांच्या पैशाने घेतलेल्या ट्रकला तो नियम का नसावा?

या विषयाला लागून एक सावधगिरीची सूचना करणे जरूर आहे. डिझेल वाचवण्याच्या नावाने आपल्या बाजारात दुसराच एक धंदा जोरात चालतो. डिझेलच्या नळीला लावायचे लोहचुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, पाण्यापासून वायू काढून इंजिनात सोडणारी बाटली. गेल्या साली एक विक्रेता आमच्या भागातील टेम्पोवाल्यांकडे फिरत होता. तीस टक्के बचतीची हमी, पावती मात्र साध्या कागदावर. माझ्या ओळखीच्या दोघांनी घेतले, आणि महिन्याभरात तो मोबाइल लागेनासा झाला. हायड्रॉलिक हायब्रिड आणि चुंबक यांतला फरक एका प्रश्नाने कळतो. विक्रेत्याला विचारा, वाया जाणारी तवानाई तू कुठून पकडतोस आणि कुठे साठवतोस? हायड्रॉलिकवाला बोट ठेवून दाखवील की चाकापासून घेतो, या टाकीत ठेवतो. चुंबकवाला अणू-रेणूंच्या गोष्टी सांगू लागेल.

राहिली गोष्ट साध्या टेम्पोची, ज्यात यातले काहीच बसणार नाही. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघ, म्हणजे पीसीआरए, १९७८ पासून सांगत आला आहे की निव्वळ चालवण्याच्या सवयीने इंधन वाचते. पुढे नाका दिसतो आहे, तरी शेवटपर्यंत ॲक्सिलरेटर दाबून मग कचकन ब्रेक मारणे हा आपल्या चालकांचा रिवाज. तीनशे मीटर आधी पाय उचलला तर तेच अंतर गाडी फुकटात कापते. जी तवानाई ब्रेकमध्ये गेलीच नाही, ती परत पकडायला पंप लागत नाही. एसटीच्या आगारांत प्रत्येक चालकाचा केपीटीएल, म्हणजे दहा लिटरमागे किलोमीटर, लिहिला जातो. आमच्या खासगी गाड्यांत असा हिशेब कुणी ठेवत नाही. मालक चालकाला रोज डिझेलचे पैसे मोजून देतो, वाचले तर मालकाचे, मग चालकाने पाय का उचलावा?

ज्यांच्या स्वतःच्या गाड्या आहेत त्या व्यापाऱ्यांनी असे करून पाहावे. महिनाभर टाकी प्रत्येक वेळी काठोकाठ भरून घ्यावी आणि लिटर व किलोमीटर लिहावेत. त्यावरून गाडीची चाल ठरेल. दुसऱ्या महिन्यापासून त्या चालीपेक्षा जितके लिटर कमी लागतील त्याचे निम्मे पैसे चालकाला द्यावेत, आणि ते पगारात न मिळवता वेगळे, त्याच्या हातात. टायरची हवा आठवड्यातून एकदा तपासण्याचे कामही त्याच्याचकडे द्यावे, कारण आता ते त्याच्याही फायद्याचे असेल. हिशेबाची वही गाडीतच ठेवावी, मुनीमजींच्या पेटीत नको.